वाढीची रेघ

त्या दुपारी फोटोताई जेवणाचा डबा धूत होत्या. सुरुवात इतकी साधी होती. पुढचं ऐकून कुणी म्हणेल, अशा दिवशी सकाळपासूनच काहीतरी खटकलं असेल, डोळा लवला असेल, हातातून भांडं पडलं असेल. तसलं काही झालं नाही. ताईंनी डबा धुतला, पालथा घातला, रुमालाला हात पुसले आणि खुर्चीत जरा डोळे मिटून बसल्या.

फोटोताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण येणारी माणसं एक्स-रेला फोटोच म्हणतात, आणि तेहतीस वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय. नव्याने लागलेल्या नर्सपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या ताईच. जीभ तिखट, हात मऊ. मोडका पाय घेऊन कण्हणाऱ्या माणसाला म्हणायच्या, "हसू नका हं, फोटो हलेल." माणूस दुखणं विसरून खुदकन हसायचा, मग गप्प व्हायचा, आणि ताई तेवढ्यात बटण दाबायच्या. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

त्यांची खोली तळघरात होती. जाड भिंती, दाराला शिशाचा पत्रा, खिडकी नावालाही नाही. दिवस की रात्र हे तिथे घड्याळ सांगेल तेच खरं. शेजारीच जुनी डार्करूम, म्हणजे पूर्वी फिल्म धुवायची ती अंधारी खोली. आता फोटो सरळ पडद्यावर उमटतो, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीच तिला कुलूप लागलं. आत मोडक्या खुर्च्या आणि जुने कागद. किल्ली ताईंकडेच असायची, पण त्या आत पाऊल टाकत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "उंदीर फार आहेत." उंदीर एकही नव्हता.

सव्वादोनला दारावर टकटक झाली. पोलीसबाई होत्या, त्यांच्यामागे एक मुलगी, आणि मुलीच्या मागे दोन पावलं सोडून एक माणूस.

"ताई, वयाची केस आहे," पोलीसबाई म्हणाल्या. "कोर्टाचा कागद आणलाय. पाचच्या आत रिपोर्ट हातात पाहिजे."

महिन्याकाठी अशी एखादी केस यायचीच. ज्याच्याकडे जन्माचा कागद नाही त्याचं वय हाडांना विचारतात. मनगटाजवळ, हाडाच्या टोकाशी, मुलांच्या फोटोत एक काळी रेघ दिसते. ती रेघ आहे तोवर मूल वाढतंय. रेघ बारीक होत होत भरून आली, हाड एकसंध झालं, की वाढ संपली, माणूस मोठा झाला. खोटं बोलायला हाडांना तोंड नसतं, असं ताई शिकाऊ मुलींना सांगायच्या. सांगताना त्या दुसरीकडे बघायच्या, हे मुलींच्या कधी लक्षात आलं नाही.

"एकोणीस पूर्ण आहे ती," तो माणूस दारातून गोड आवाजात म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. "बायको आहे माझी. घरात जरा शब्दाला शब्द लागला, निघाली रागाने. कुणाच्या घरात होत नाही?"

ताईंनी त्याला बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं आणि दार लावून घेतलं. मग पोलीसबाई हळूच सगळं बोलल्या. मुलगी बसस्टँडवर सापडली होती. तीन रात्री बाकाखाली झोपली होती. आईबाप नाहीत, शाळेचा दाखला नाही.

"अठराच्या आतली निघाली तर आश्रयगृहात जाईल, आणि याच्याकडे आम्ही बघतो," त्या म्हणाल्या. "वरची निघाली तर मात्र कोर्टातले साहेब तिलाच विचारणार, जातेस का याच्याबरोबर म्हणून. काल मी विचारलं, ताई. तो समोर होता. हिने मान हलवली. हो म्हणून."

"आणि परत गेली तर?"

पोलीसबाई मुलीजवळ सरकल्या. त्यांनी मुलीच्या मानेवरचे केस बाजूला केले. कानामागून खाली एक लांबट चट्टा उतरला होता. त्याच्यावरच दुसरा, ताजा.

पोलीसबाईंना बाहेर पाठवून ताईंनी मुलीला स्टुलावर बसवलं. डावा हात टेबलावरच्या काळ्या पाटीवर ठेवायला सांगितला. हात इवलासा होता, नखं कुरतडलेली, बोटं काडीसारखी सरळ. तो हात बघूनच ताईंना जरा धीर आला. ही कसली एकोणीसची. चौदाची असली तर खूप झालं.

"दुखत नाही बरं का. फोटोच आहे. फक्त हलायचं नाही."

मुलीने मान डोलावली. ताई काचेच्या आडोशामागे गेल्या. मशीन घुमायला लागलं, तोच रोजचा आवाज, दूरवर कुणी जातं ओढत असावं तसा. काचेतून त्यांनी पाहिलं तर मुलगी हाताकडे बघत नव्हती. ती आपल्या डाव्या बाजूला, रिकाम्या जागेकडे बघत होती. घाबरलेली पोरं कुठेही बघतात. ताईंनी बटण दाबलं.

पडद्यावर हात उमटला. पूर्ण वाढलेला, लांब बोटांचा, हाडं एकसंध. रेघ कुठेच नव्हती.

ताई पडद्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. संपलं, असं त्यांच्या मनात आलं. पोरगी दिसते लहान, पण उपासमारीने खुरटलेली असेल. आता हा फोटो वर जाणार, डॉक्टर एका मिनिटात 'वीसच्या वर' लिहिणार, आणि बाकावरचा तो गोड माणूस हिला घेऊन जाणार. फोटो पाठवायला त्यांनी हात पुढे केला, आणि तिथेच थांबला तो हात.

पडद्यावरच्या करंगळीच्या मुळाचं हाड वाकडं होतं.

ताईंनी आपला डावा हात पडद्यासमोर धरला. सात वर्षांच्या असताना दारात सापडून त्यांची करंगळी मोडली होती, आणि वैद्याने ती नीट बसवली नव्हती. तेव्हापासून ती जराशी बाहेर झुकलेली. पडद्यावरची अगदी तशीच. तोच बाक, तीच जाडसर गाठ. फक्त आजच्या ताईंच्या अंगठ्याच्या सांध्यात झीज होती, बोटांची पेरं सुजट झाली होती. पडद्यावरचा हात तरुण होता, चोवीस-पंचवीस वर्षांचा. तो हात ताईंनी आयुष्यात एकदाच, एकाच फिल्मवर पाहिला होता.

तेवढ्यात वास आला. हायपोचा. फिल्म धुवायच्या पाण्याचा तो आंबट, नाकात चढणारा वास. पंधरा वर्षांत त्या इमारतीत हायपोचा थेंब आला नव्हता.

"काकू," मुलगी म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. "झालं का? मी हलले नाही."

"नाही गं, तू नाही हललीस. मशीनचंच काहीतरी... पुन्हा एकदा काढू."

"मला हलताच येत नव्हतं. हात धरला होता ना."

"कुणी? मी तर काचेमागे होते."

"तुम्ही नाही. ती मुलगी." तिने डाव्या बाजूला नजर टाकली आणि खाली घातली. "फार गार हात आहे तिचा."

ताई पाटीकडे वळल्या. विचारायची हिंमतच झाली नाही, खरं तर. त्यांनी पाटी पुसली, हात पुन्हा ठेवला, बटण दाबलं. पुन्हा तीच वाकडी करंगळी. तिसऱ्यांदा काढला. पुन्हा तीच. मुलीची करंगळी तर समोर दिसत होती, फूटपट्टीसारखी सरळ.

ते तेहतीस वर्षांपूर्वीचं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेव्हा ताई नोकरीला लागून चौथा महिना होता. त्यांच्या वर एक खडूस हेड टेक्निशियन होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, फिल्म मोजून द्यायचे, एक वाया गेली तरी चारचौघांत अब्रू काढायचे. नोकरी अजून पक्की नव्हती, घरी आजारी वडील. अशात एक वयाची केस आली. एक मुलगी, गप्प बसलेली. सोबतचे सगळे सांगत होते, एकोणीसची आहे. ताईंनी मनगटाचा फोटो काढला, फिल्म डार्करूममध्ये नेली, आणि दार नीट लागलंय की नाही ते पाहायचं राहून गेलं. फटीतून उजेड आला. फिल्म काळीठिक्कर पडली.

बाहेर येऊन पाहतात तर मुलीला घेऊन गाडी निघून गेलेली. परत बोलवायचं म्हणजे मास्तरांना सांगायचं, आणि मास्तरांना सांगायचं म्हणजे संपलंच. ताईंनी विचार केला, म्हणजे त्याला विचार म्हणायचं तर. सगळे एकोणीसची म्हणतात, असेलच एकोणीसची. मनगट म्हणजे मनगट. नवी फिल्म घेतली, तिच्यावर त्या मुलीच्या नंबराचे शिशाचे अंक ठेवले, शेजारी आपला डावा हात ठेवला. उजव्या हाताने वायरचं बटण दाबलं. फिल्म छान आली. वयाच्या रकान्यात 'वीसच्या वर' लिहिलं गेलं, आणि मुलगी ज्याच्या ताब्यात जायची त्याच्या ताब्यात गेली.

दहा महिन्यांनी ती परत आली. वरच्या मजल्यावर, बाळंतपणाच्या वॉर्डात. दोन दिवस तळमळली आणि गेली. बाळही गेलं. जेवणाच्या सुट्टीत वॉर्डातली नर्स ताईंना म्हणाली होती, "अगं, वीसच्या वर लिहिलंय कागदावर. मी आंघोळ घातली तिला. लेकरू होतं गं ते." ताईंनी हातातला घास डब्यात ठेवला. त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. नोकरी पक्की झाली. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, सगळं यथास्थित झालं. ती गोष्ट मात्र घशातल्या काट्यासारखी राहिली, ना गिळता आली ना काढता.

आणि आता ती फिल्म पडद्यावर होती. दुसऱ्या मुलीच्या नंबराखाली.

बाहेरून दारावर थाप पडली. "अजून किती वेळ?" तो माणूस. "एक हात तर आहे." मुलगी स्टुलावर आक्रसली, इतकी की तिचे गुडघे हनुवटीला लागले.

ताई उठल्या. मनात एक गोष्ट आली होती आणि ती पाहिल्याशिवाय सुटका नव्हती. कोपऱ्यात वॉर्डात न्यायचं फिरतं मशीन उभं होतं, त्याला लांब वायरचं बटण होतं. ताईंनी ते टेबलाजवळ ओढलं. मुलीला शिशाचा ॲप्रन घालून काचेमागे बसवलं. यादीत आपलं नाव टाकलं, वय सत्तावन्न. डावा हात पाटीवर ठेवला.

पाटी गार होती. ती नेहमीच गार असते. पण हा गारवा खालून येत नव्हता, वरून येत होता. तळव्याखाली पाटी, आणि हाताच्या पाठीवर... वजन. फार नाही, एखाद्या पोराने हात ठेवावा इतकंच. वासाने डोळ्यांना पाणी आलं. ताईंनी डोळे मिटून घेतले आणि बटण दाबलं.

पडद्यावर आलेला हात लहान होता. बोटं बारीक, करंगळी सरळ. मनगटाजवळ, हाडाच्या टोकाशी, काळी रेघ. ठसठशीत, पेनाने ओढावी तशी. तेरा-चौदाचं वय, आंधळ्यालाही दिसेल.

काचेमागून मुलीचा बारीक आवाज आला. "बघितलंत ना काकू?"

"कोण आहे गं ती?" ताई कुजबुजल्या. "काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. तुमच्याकडे बघते नुसती."

ताईंचं डोकं मात्र चालत होतं, आणि डोक्याने जे सांगितलं ते फार सोपं होतं. दोन फोटो. दोन नंबर. अदलाबदल करायची, दोन बोटांचं काम. लहान हात या पोरीच्या नावावर गेला की ही सुटली. कुणाला कळणार? तेव्हा तरी कुणाला कळलं होतं? त्यांनी बोट कळीवर नेलंसुद्धा. आणि मग त्यांना आठवलं की तेव्हाही त्यांनी मनाची अशीच समजूत घातली होती, असंच गोड बोलून. तेच पाप, त्याच हाताने. या खेपेला चांगल्यासाठी म्हणून. ताईंना ते जमलं नाही. आपण काही फार धीराच्या नाही हे त्यांना माहीत होतं, पण त्या क्षणी खोटं बोलायची त्यांना खऱ्यापेक्षा जास्त भीती वाटली.

त्यांनी पोलीसबाईंना आत बोलावून मुलीजवळ बसवलं, आणि दोन्ही फोटो जसेच्या तसे पाठवून वर डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर त्यांच्या मुलाच्या वयाचे होते. हुशार, घाईत असणारे, मनाने चांगले. ताईंनी दार लावलं आणि सगळं सांगितलं. तेव्हाचं आणि आत्ताचं. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, कदाचित तुरुंगही, हे सगळं ठाऊक असून सांगितलं. सांगताना रडल्या नाहीत. फक्त डावा हात उजव्या हाताने गच्च धरून ठेवला होता.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले.

"ताई, हात दाखवा बघू."

ताईंनी दाखवला. डॉक्टरांनी करंगळी चाचपली, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा चाचपली. आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"हे बघा. हा वाकड्या करंगळीचा फोटो तुमचा आहे. मुलीच्या नंबराखाली पडलाय. आणि हा छोटा हात मुलीचा, तो तुमच्या नावाखाली पडलाय. नंबर उलटे लागले, बस. सत्तावन्न वर्षांच्या बाईच्या हातात वाढीची रेघ असते का कुठे?"

"सर, मी उलटे नाही लावले. तीन वेळा काढला तिचा. माझा हात पाटीवर नव्हताच तेव्हा."

"दमला आहात तुम्ही. एवढं जुनं ओझं मनावर घेऊन माणूस काम करतं, चुकणारच." त्यांनी नंबर बदलले. दोन बोटांचं काम. मग रिपोर्टवर लिहिलं, वय तेरा ते पंधराच्या दरम्यान, आणि सही केली.

जे पाप त्यांच्याच्याने झालं नाही, ते एका शहाण्या माणसाने शहाणपणानेच करून टाकलं होतं.

"आणि ते जुनं," डॉक्टर खुर्ची फिरवत हळू म्हणाले, "ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी ऐकलं नाही. ती फिल्म केव्हाच कचऱ्यात गेली असेल. एक वर्ष राहिलंय. सुखाने घरी जा." ताई दारापर्यंत गेल्यावर ते सहज म्हणाले, "हाडं मात्र काय राखलीत हो. अगदी पंचविशीतल्यासारखी." बोलता बोलता त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी फोटो पुन्हा मोठा करून पाहिला, अंगठ्याच्या सांध्यापाशी थबकले, आणि फोटो बंद केला.

मुलगी खरोखरच लहान होती, त्याबद्दल शंका नको. त्याच संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड पाहिलं आणि चौदाच्या वर एक दिवस नाही असं लिहून दिलं. बाकावरच्या माणसाचं गोड बोलणं रिपोर्ट वाचल्याबरोबर आटलं. पोलीसबाईंनी त्याला खांद्याला धरून असा उभा केला की ताईंना त्या दिवसातलं पहिलं समाधान वाटलं.

आश्रयगृहाची गाडी आली तेव्हा ताई मुलीला सोडायला वरपर्यंत गेल्या. आपला स्वेटर तिच्या अंगावर घातला, बाह्या चार वेळा दुमडून दिल्या. गाडीत चढता चढता मुलगी थांबली आणि तिने ताईंच्या खांद्यावरून मागे, तळघराच्या जिन्याकडे पाहिलं.

"मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तिकडे जेवायला देतात, कुणी मारत नाही."

"मग?" ताईंनी विचारलं.

"तू जा म्हणाली. तिचं इथे काम आहे."

गाडी गेली. ताई उतरत्या उन्हात उभ्या राहिल्या, खूप वेळ. खाली जावंसं वाटेना. पण माणसं फोटोसाठी खोळंबली होती, त्यामुळे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्वीसारखं. ज्याचा हात ठेवावा त्याचाच फोटो यायचा. मोडलेलं मोडलेलं दिसायचं, धड ते धड. वास गेला. ताईंनी कोर्टाच्या नावाने तीनदा अर्ज लिहिला, तेहतीस वर्षांपूर्वीचं सगळं कबूल करणारा. तीनदा फाडला. एकदा मुलाच्या घरी बाळ व्हायचं होतं म्हणून, एकदा डॉक्टर अडचणीत येतील म्हणून, आणि तिसऱ्यांदा कारण शोधायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. भ्याड माणसाला कारणांचा तोटा नसतो, असं त्या स्वतःच म्हणायच्या, स्वतःशीच.

महिनाभराने एका सोमवारी, खोलीत कुणी नसताना, त्यांनी फिरतं मशीन ओढलं आणि आपला हात पाटीवर ठेवला. वाटलं होतं, आता आपला म्हातारा, झिजलेला हात दिसेल आणि सुटलो म्हणू.

लहान हात आला. सरळ करंगळी, काळी रेघ. पण रेघ आधीपेक्षा बारीक होती.

डॉक्टरांकडे एक जाड पुस्तक असतं. त्यात एकेका वर्षाच्या मुलामुलींच्या मनगटांचे फोटो ओळीने लावलेले, ताडून बघायला. ताईंनी ते मागून आणलं. गेल्या वेळचा फोटो चौदाच्या पानाशी जुळला. आजचा पंधराच्या. त्या दर सोमवारी काढायला लागल्या. न काढून राहवेना. दुसऱ्या महिन्यात हात सोळाचा झाला. हाडं लांबली, बोटं भरली, रेघ सुतासारखी झाली. कुणाचंही पोर इतक्या झटपट वाढत नाही, पण हिला बहुतेक बरीच वर्षं भरून काढायची होती. एकदा तर ताईंना तो वाढता हात बघून बरं वाटलं. डोळे भरून आले. आई होऊन बघावं तसं त्या बघत बसल्या, आणि मग आपण काय बघतोय हे ध्यानात येऊन त्यांनी पडदा बंद केला.

मागच्या सोमवारी हात सतराच्या पानाशी तंतोतंत जुळला. रेघ आता एका कडेला उरली आहे, नखाच्या ओरखड्याएवढी. ताईंनी पान उलटलं नाही. पुढचं पान कुठलं हे त्यांना पाठ आहे.

अठराच्या आतल्या मुलीचं दुसरे ठरवतात. कोर्ट ठरवतं, डॉक्टर ठरवतात, डार्करूमचं दार नीट न लावणारी एखादी बाईसुद्धा ठरवते. अठरा पूर्ण झाली की तिला कुणी विचारायचं कारण नाही. कुठे जायचं आणि जाताना कुणाला हाताला धरून न्यायचं, हे तिचं तिने ठरवायचं. कायदाच तसा आहे.